जुन्या रूपाचा कॅमेरा: डायल खरे बोलते का?

फिल्मच्या काळातल्या कॅमेऱ्यांचे रूप घेतलेले मिररलेस कॅमेरे सध्या हौशी छायाचित्रकारांना भुरळ घालत आहेत. निकॉनने 2023 मध्ये आणलेला झेड-एफ थेट 1982 च्या एफएम2 ची आठवण करून देतो. त्याआधी वर्षभर आलेल्या फुजीफिल्मच्या एक्स-टी5 च्या माथ्यावरही शटर स्पीड, आयएसओ आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन यांच्या कोरीव आकड्यांच्या डायली आहेत. नुसती बॉडीच दीड लाखाच्या पुढे जाते. एवढा पैसा देखणेपणासाठी घालणे मला पटत नाही. पण या डायली खरोखर काम करत असतील तर तो सार्थकी लागतो, असे माझे मत आहे. ते काम तपासायला पावसाळ्यातल्या पन्हाळा किल्ल्यासारखी जागा नाही.

कारण तिथला उजेड. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य मध्यम करडे आहे असे धरून चालतो. आजचे मीटर पुष्कळ शहाणे झाले असले, तरी मूळ खोड तीच. सज्जा कोठीवरून दरीत उतरणारे पांढरे धुके टिपताना तो उजेड कमी करतो आणि धुके मळकट राखाडी होते. तिथे कॉम्पेन्सेशनची डायल एक स्टॉप अधिककडे न्यावी लागते. तीन दरवाजाच्या कमानीत, भिजलेल्या काळ्या दगडासमोर, तोच मीटर उजेड वाढवतो आणि दगडाचा काळेपणा व कोरीव कामाची धार दोन्ही जातात. तिथे डायल उणेकडे हवी. ढग सरकले की हा हिशेब पुन्हा बदलतो. छत्री सावरत मेनूत शिरण्यापेक्षा अंगठ्याने डायल फिरवणे सोपे. शिवाय कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी, बंद असतानाही, डायल कुठे ठेवली आहे ते दिसते.

मात्र डायल असणे आणि तिने खरे बोलणे यांत फरक आहे. एफएम2 मध्ये डायल फिरली की आतले शटर यांत्रिकरीत्याच त्या वेगावर येई. बॅटरी फक्त मीटरला लागायची. रूप कामातून घडले होते. झेड-एफमध्ये मात्र डायलींच्या जोडीला मोड निवडायचा वेगळा खटका आहे. तो ‘ए’वर असला की शटरची डायल 250 दाखवत राहते आणि कॅमेरा आपल्या मनाने भलताच वेग निवडतो. त्याच्या जुन्या वळणाच्या 28 आणि 40 मिलिमीटरच्या लेन्सवर अॅपर्चरचे आकडे असलेली रिंगही नाही. एक्स-टी5 मध्ये मोडची डायलच नाही. ‘ए’ हे अक्षर शटरच्या डायलीवरच कोरलेले आहे. डायल ‘ए’वर असेल तर कॅमेरा ठरवेल, आकड्यावर असेल तर तुम्ही. ‘टी’सारखे अपवाद वगळता ती जे दाखवते तेच घडते. शिकणाऱ्यासाठी ही गोष्ट मोलाची आहे, कारण वेग, अॅपर्चर आणि आयएसओ यांचे नाते डोळ्यांसमोर राहते.

यावर पहिला आक्षेप असा की इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो कसा येणार ते आधीच दिसते, मग आकडे कशाला? दिसते हे खरे. पण दमट हवेत आयपीसवर वाफ धरते, आणि चुकले ते नेमके कशामुळे हे नुसत्या चित्रावरून कळत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नेहमीच्या कॅमेऱ्यांत सगळ्या सेटिंग एकदम बदलणारे यू1, यू2 सारखे मोड असतात, ते इथे नाहीत. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्याने म्हणूनच हे कॅमेरे घेऊ नयेत. आणि जो कायम ऑटोवरच फोटो काढतो, त्याचे काम चांगल्या मोबाइलवरही भागेल.

झेड-एफची बाजूही मांडायला हवी. त्याचा फुलफ्रेम सेन्सर गडावरच्या अंधारबावीच्या आतल्या काळोखात सरस ठरतो, हलत्या गोष्टींवरचा त्याचा ऑटोफोकस अधिक भरवशाचा आहे, आणि एका खटक्यावर कृष्णधवल होण्याची सोय धुक्यातल्या तटबंदीसाठी मनापासून आवडावी अशी आहे. पण बॅटरीसह 710 ग्रॅमची ती सपाट बॉडी पुरेशी पकड देत नाही. तिला 630 ग्रॅमची 24-120 लेन्स लावली की ओल्या हातातून निसटेल अशी धास्ती वाटते. एक्स-टी5 ला 16-80 लेन्स लावून सगळे मिळून साधारण एक किलो होते. ही लेन्स पावसाचे शिंतोडे सोसते, आणि तिच्या रिंगवर आकडे आहेत. कमी पैशांत मिळणाऱ्या 18-55 मध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत, हे खरेदीआधी लक्षात ठेवावे.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर पन्हाळाही जागतिक वारसा यादीत गेला. त्याची नोंद नीट व्हावी असे वाटणाऱ्या हौशी छायाचित्रकाराला मी एक्स-टी5 सुचवेन. दुसरा कोणता पसंत पडला, तर दुकानात तो ‘ए’ मोडवर ठेवा आणि शटरची डायल फिरवून पाहा. काहीच बदलले नाही, तर त्या डायलीसाठी जादा पैसे मोजू नका.