शरियतमध्ये ढवळाढवळ कोणी केली?

कौटुंबिक कायद्यात सुधारणेचा विषय निघाला की आपल्या मोहल्ल्यात पहिलं वाक्य ठरलेलं असतं : 'शरियतमध्ये ढवळाढवळ चालणार नाही.' हे म्हणणाऱ्या अनेकांना मनापासून वाटतं की भारतातल्या कोर्टात मुसलमानांना लागू होणारा कायदा थेट कुरआनातून आला आहे आणि चौदाशे वर्षांत त्याला कोणी हात लावलेला नाही. इतिहास तसं सांगत नाही. तो इतिहास आपल्या पिढीने वाचायला हवा, कारण तो न वाचल्याची किंमत घरातल्या बायका आणि अनाथ मुलं चुकवतात.

१७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने नियम केला की लग्न आणि वारसा अशा बाबतींत मुसलमानांना कुरआनचा कायदा लावावा. पण इंग्रज न्यायाधीशांना अरबी येत नव्हतं. म्हणून चार्ल्स हॅमिल्टनने 'हिदाया' या बाराव्या शतकातल्या हनफी ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं. ते १७९१ साली छापलं गेलं. तेसुद्धा मूळ अरबीवरून नव्हतं, फारसी अनुवादावरून होतं. सुरुवातीला सल्ला द्यायला कोर्टात मौलवी असत. १८६४ मध्ये ती पदंही रद्द झाली. मग जुने निकाल पाहून नवे निकाल देण्याची इंग्लंडची रीत इथे पक्की झाली. या मिश्रणाला वकील मंडळी 'अँग्लो-मोहमेडन लॉ' म्हणतात. आज आपण शरियत समजून ज्याचं रक्षण करतो, त्याचा मोठा भाग हा आहे.

फौजदारी कायद्याचं काय झालं तेही पाहा. कंपनीच्या काळात बंगालमध्ये फौजदारी खटल्यांत इस्लामी कायदा चालत असे. १८६० च्या दंडसंहितेने तो संपवला. चोरी, खून, करार, पुरावा या सगळ्यांत आपण दीडशे वर्षं इतर नागरिकांसारखेच आहोत. बँकेच्या व्याजावरचे वाद दिवाणी कोर्टात चालतात. यातलं काहीही परत आणा, असं आपले नेते म्हणत नाहीत. दीन त्यामुळे धोक्यात आला नाही. मग बायकोच्या पोटगीचा प्रश्न निघाला की तो कसा धोक्यात येतो, हे मला कोणी समजावून सांगावं.

१९३७ चा शरियत कायदा तरी संपूर्ण शरियत आणतो का? त्याने एक चांगलं काम केलं. मुंबईतल्या खोजा आणि मेमन समाजात वारसा हिंदू रूढीप्रमाणे चाले आणि मुलींना वाटा मिळत नसे. १८४७ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने त्या रूढीलाच मान्यता दिली होती. १९३७ च्या कायद्याने अशा रूढी मागे सारल्या. पण त्याच कायद्यात शेतजमीन वगळली गेली, आणि मृत्युपत्राची बाब ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडली गेली. म्हणजे कायदेमंडळाने शरियत घेतली ती काटछाट करूनच.

दोनच वर्षांनी १९३९ चा कायदा आला. हनफी फिकहप्रमाणे बाईला नवऱ्यापासून सुटका मिळणं जवळपास अशक्य होतं. मौलाना अशरफ अली थानवींनी मालिकी फिकहचा आधार घेऊन वाट काढली आणि पुढे ती कायद्यात आली. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं खर्च देत नसेल, छळ करत असेल, तर बाई कोर्टात फारकत मागू शकते. एका मजहबच्या लोकांनी दुसऱ्या मजहबचा नियम उचलला तेव्हा उलेमांनी त्याला ढवळाढवळ म्हटलं नाही, कारण प्रश्न न्यायाचा होता.

त्यानंतरची वाट कोर्टाने काढली. शाहबानो निकालानंतर १९८६ चा कायदा आला. पण २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याचा अर्थ असा लावला की घटस्फोटितेच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद नवऱ्याने इद्दतीच्या काळातच करून द्यावी. २००२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद पूर्णपीठाने ठरवलं की 'मी तलाक दिला आहे' असं नुसतं लिहून देणं पुरत नाही, तो कारणासह आणि समेटाच्या प्रयत्नासह सिद्ध करावा लागतो. २०१७ मध्ये एका दमात दिलेला तीन तलाक रद्द झाला. जुलै २०२४ मध्ये कोर्टाने सांगितलं की घटस्फोटित मुस्लिम बाईलाही कलम १२५ खाली पोटगी मागता येते.

हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात बायकांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला. त्या दिवसापासून तीन तलाक रद्द व्हायला एक्कावन्न वर्षं लागली. समाज स्वतः बदलायला तयार नसला की एवढा वेळ जातो.

आणि अजून बरंच बाकी आहे. आजोबा हयात असताना बाप वारला आणि काका जिवंत असेल, तर नातवंडांना आजोबांच्या मालमत्तेत काही मिळत नाही. पाकिस्तानने १९६१ च्या अध्यादेशात अशा नातवंडांना बापाचा वाटा देण्याची तरतूद केली. ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीत्व बंद केलं. मोरोक्कोने २००४ मध्ये दुसऱ्या लग्नासाठी न्यायाधीशाची परवानगी सक्तीची केली. हे सगळे मुस्लिम देश आहेत.

याचा अर्थ सरकार आणेल तो प्रत्येक कायदा मला मान्य आहे, असा नाही. २०१९ च्या कायद्याने तलाक म्हणणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. नवरा तुरुंगात गेल्यावर पोरांना भाकरी कोण घालणार? आपल्याला विचारात न घेता आपल्याबद्दल लिहिलेल्या कायद्यावर मला शंका आहे. पण आपण गप्प बसलो तर लेखणी दुसऱ्याच्याच हातात राहणार. म्हणून स्त्री-पुरुष समतेवर आधारलेल्या लेखी कौटुंबिक कायद्याची मागणी आपल्यातूनच उठायला हवी.

तोपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. निकाहनाम्यात अटी लिहून घ्या. बायकोला तलाकचा अधिकार देणारी तफवीजची अट फिकहलाच मान्य आहे. ज्यांना पटेल त्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करावं. मग वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो आणि मुलगा-मुलगी समान वाटेकरी होतात. घरात बाप गेलेली नातवंडं असतील, तर आजोबांशी बोला. ती वारस नसतात म्हणूनच एक तृतीयांशापर्यंतची मालमत्ता वसीयत करून त्यांना देता येते. आणि कोणी फतव्याचा कागद नाचवत दाराशी आला, तर त्याला सांगा की २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे फतवा म्हणजे फक्त मत आहे. तो कोणावर लादता येत नाही.