हायड्रोजन नको, पिशवी मोठी कर

आमच्या एडिसनच्या घरी गराजमध्ये गेला हिवाळाभर गाडीला जागा नाही. तिथे चिरंजीवांचा आठ फुटी ब्लिंप पडलाय. प्लास्टिक फिल्मची माशासारखी पिशवी, खाली दोन मोटरी, बॅटरी आणि रिमोटचा रिसीव्हर. परवा जेवताना त्याने शांतपणे विचारलं, "बाबा, हेलियमऐवजी हायड्रोजन भरू का?" हिच्या हातातली पोळी हातातच राहिली.

पटकन "गप बस" म्हणणार होतो. पण पोराचा प्रश्न खुळचट नव्हता. दुकानातून आणलेलं फुगे भरायचं सिलिंडर त्याने पिशवीत रिकामं केलं होतं आणि मासा जमिनीवरून हलला नव्हता. चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरं वाचली तेव्हा कळलं, आत हेलियम ८० टक्केच, बाकी हवा. वाढदिवसाच्या फुग्यांना तेवढं चालतं.

मग दोघांनी वही घेतली. पिशवीत ०.८ घनमीटर वायू मावतो. नेहमीच्या तापमानाला शुद्ध हेलियम एका घनमीटरमागे साधारण १०४० ग्रॅम उचलतो, हायड्रोजन ११२०. हायड्रोजन हेलियमच्या निम्म्या वजनाचा, म्हणजे दुप्पट उचलेल असं मलाही वाटायचं. पण उचलतं ते बाजूला सारलेल्या हवेचं वजन, त्यातून वायूचं वजन वजा जातं, आणि हवेपुढे दोन्ही वायू किरकोळच. फरक जेमतेम ८ टक्के. आमच्या माशाचं वजन ७९० ग्रॅम. दुकानातला भेसळीचा वायू ६७० ग्रॅमच उचलणार, शुद्ध हेलियम ८३५, हायड्रोजन ९००. कॅमेरा ९० ग्रॅमचा. हायड्रोजन भरला तर कॅमेरा उडतो, हेलियमने नाही. पोराचं दुखणं हे होतं.

त्याचा दुसरा मुद्दा मला जास्त टोचला. हेलियम जमिनीखालून नैसर्गिक वायूबरोबर निघतो, एकदा हवेत सुटला की अवकाशात जातो, आणि इस्पितळातल्या एमआरआयला तोच लागतो. "खेळण्यासाठी तो उधळायचा का?" हे खरंच आहे. माझं उत्तर इतकंच, की अशा यंत्रात हजार लिटरच्या वर द्रव हेलियम असतो आणि आमची पिशवी सुमारे एक लिटर द्रवाएवढ्या वायूने भरते. बारशा-वाढदिवसांना आपण अंगणातून आकाशात सोडतो त्या फुग्यांचा हिशेब मात्र एकदा करायला हवा.

आमच्या घरापासून तासाभरावर लेकहर्स्ट आहे. ६ मे १९३७ ला हिंडेनबर्ग तिथेच जळालं. जहाजावरच्या ९७ पैकी ३५ आणि जमिनीवरचा एक, असे ३६ जण गेले. "म्हणजे ६२ वाचले," इति चिरंजीव. वकील होणार बहुतेक. पण ते जहाज मुळात हेलियमसाठी आखलेलं होतं. अमेरिकेच्या कायद्याने हेलियम बाहेर जाऊ दिला नाही म्हणून जर्मनांनी हायड्रोजन भरला. त्यांना मिळाला नाही. तुला मिळतोय, मी म्हटलं.

आणि आमचं गराज! कोपऱ्यात गॅसचा वॉटर हीटर, त्याची ज्योत चोवीस तास पेटलेली. जानेवारीत इथली हवा इतकी कोरडी की दाराच्या मुठीला हात लावला तरी चटका बसतो. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन मिसळला की तो पेट घेतो, आणि त्याला आपल्याला जाणवणारही नाही एवढी ठिणगी पुरते. दिवसा ज्योत जवळजवळ दिसतसुद्धा नाही. वर बेडरूममध्ये आमची आई झोपते. ज्यांच्याकडे मोकळं रान आणि जाणता माणूस आहे त्यांनी काय करावं ते मी सांगत नाही, पण घराखाली हा वायू साठवायचा नाही यावर मी अडून बसलो. पाण्यातून वीज सोडून तो घरीच करायचा त्याचा बेत होता. १० अँपियरने पिशवी भरायला साडेसात दिवस लागतील हे गणित त्यानेच केलं आणि थोडा थंडावला.

तोड मात्र वहीतच निघाली. पिशवी लांबी-रुंदीला १० टक्के वाढवली तर आतली जागा ३३ टक्के वाढते, फिल्म फक्त २१ टक्के जास्त लागते. फिल्मचं वजन वजा जाता २०० ग्रॅम नफा. हायड्रोजनने ६५ ग्रॅम मिळत होते.

देवगडच्या आजोबांना फोनवर हे सांगितलं, तर ते म्हणाले, "हेलियम आपल्या विजयदुर्गाचाच!" १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाची आठवण सांगणारे साहेबाचे कट्टे किल्ल्यावर आहेत खरे. पण नातवाने आडकाठी घातलीच: लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते, ती पिवळी रेषा त्यांनी ऑक्टोबरात तिथूनच पाहिली, आणि ग्रहण बघणारे जान्सेन होते गुंटूरला. आजोबा रुसले. त्यांना मनवायला चिरंजीवांनी ब्लिंपवर 'विजयदुर्ग' लिहायचं कबूल केलंय. रंग किती ग्रॅमचा होतो ते आता बघायचंय. नवी फिल्म मंगळवारी येतेय, आणि शुद्ध हेलियमचं सिलिंडर वेल्डिंगवाल्यांच्या दुकानात सांगून ठेवलंय.