खडकी : शहर वसवणाऱ्याचे नाव

‘खडकी’ म्हटले की पुणेकरास १८१७ची लढाई आठवते. या धाग्याचा विषय असलेली खडकी मात्र दौलताबादजवळची. आज ती छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखली जाते, त्याआधी औरंगाबाद होती. नावावरून दशकानुदशके वाद झडले. त्यांत हे शहर वसवणाऱ्याचे नाव क्वचितच कोणी घेतले.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. मोडकळीस आलेली निजामशाही सावरली ती मलिक अंबरने. इथिओपियात जन्मलेला हा ‘चापू’ गुलाम म्हणून विकला जात बगदादमार्गे दख्खनेत पोहोचला होता. काही काळ जुन्नरहून कारभार हाकल्यावर त्याने १६१०च्या सुमारास खडकी या खेड्याची राजधानी केली. डोंगरांकडचे पाणी भूमिगत नहरीतून, निव्वळ उताराच्या बळावर, शहरात आणले.

‘शहर औरंगजेबाने वसवले’ म्हणणाऱ्यांनी निदान सनावळी पाहावी. औरंगजेबाचा जन्मच १६१८चा! त्याचे नाव शहराला मिळाले १६५३ मध्ये. त्यापूर्वी अंबरपुत्र फतेहखानाने ‘फतेहनगर’ हे नाव देऊन झाले होते.

दुसरा आक्षेप अधिक चिवट आहे : अंबर परका, हबशी. सुदानमधील केर्मा येथे १९१३ ते १९१६ या काळात उत्खनन करणाऱ्या जॉर्ज रायझनरला तेथील वैभव इजिप्शियन अधिकाऱ्यांचेच असावे असे वाटले. ती न्युबियन राजांची स्वतःची राजधानी होती, हे शार्ल बोने यांच्या दीर्घ उत्खननाने सिद्ध केले. आफ्रिकेच्या माणसाने नगर उभारले, हे मान्य करणे तिथेही जड गेले, इथेही जाते.

मग शहाजीराजांचे काय करायचे? १६२४ मध्ये भातवडीच्या रणात ते याच ‘परक्या’च्या बाजूने लढले, त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. मोगलांनी १६१६ मध्ये आणि पुन्हा १६२१ मध्ये खडकी उद्ध्वस्त केली, तरी अंबर वाकला नाही. जहांगीरला तो रणात कधी सापडला नाही. म्हणून बादशहाने भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मस्तकावर आपण बाण सोडतो आहोत, असे चित्र अबुल हसनकडून काढवून घेतले. अंबर त्यानंतर सुमारे दहा वर्षे जगला. १६२६ मध्ये तो वारला; त्याची कबर खुलताबादेस आहे. त्याने बांधलेला भडकल दरवाजा शहरात अजून उभा आहे.