पळून गेलेला रक्तसाक्षी

आजच्या धाग्यात एका पळून जाण्याविषयी.

इ.स. २५०. रोमन सम्राट डेसियसच्या फर्मानानुसार प्रजेतील प्रत्येकाने देवांना बळी अर्पण करून तसा लेखी दाखला घ्यायचा होता. (इजिप्तमध्ये पपायरसवरील असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत.) जानेवारीतच रोमचा बिशप फेबियन प्राणास मुकला. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा बिशप सिप्रियन मात्र शहर सोडून लपून बसला.

रोमच्या धर्मगुरूंनी कार्थेजला लिहिलेल्या पत्रात लांडगा येताच कळप टाकून पळणाऱ्या भाडोत्री मेंढपाळाचा उल्लेख आला. टोमणा कोणाला, हे सिप्रियनला कळले. त्याचे उत्तर असे, की आपण राहिलो असतो तर जमावाचा क्षोभ साऱ्या मंडळीवर कोसळला असता. आणि छळाच्या वेळी दूर होण्याची आज्ञा प्रभूचीच आहे. हे खरेच आहे. मत्तयच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायात वधस्तंभ उचलून मागे येण्याचे आवाहन आहे, तसेच एका गावी छळ झाल्यास दुसऱ्या गावी पळून जाण्याची सूचनाही.

तरीही एक गोष्ट सलते. सिप्रियन सधन होता, त्याला लपता आले. ज्यांना ते जमले नाही आणि ज्यांनी भीतीने बळी दिला, त्यांच्याशी तो पत्रांतून कठोरपणे वागला.

दरम्यान तुरुंगात यातना सोसलेले काही जण अशा पतितांना पुनःप्रवेशाची शिफारसपत्रे देऊ लागले. काही पत्रांत तर ‘अमुक इसम आणि त्याची माणसे’ एवढाच मजकूर! सिप्रियनने याला विरोध केला. त्यात त्याच्या अधिकाराचाही प्रश्न होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मला त्याचे म्हणणे पटते. सोसलेल्या वेदनेची हुंडी करून ती वाटता येत नाही. मराठी ख्रिस्ती परंपरेतील ‘रक्तसाक्षी’ हा शब्द मूळ ग्रीक अर्थ नेमका जपतो: तो साक्षीदार आहे, आणि साक्ष दुसऱ्या कोणाविषयी तरी असते.

२५१ मध्ये तो परतला. पुढे शहरात भीषण साथ आली. तेव्हा त्याने आपल्या लोकांना केवळ ख्रिस्ती रुग्णांची सेवा करून थांबू नका, असे बजावले. कालपर्यंत ज्यांच्या जमावाची धास्ती होती, त्यांचीही शुश्रूषा करायची होती. शिष्यत्वातील आत्मत्यागाचा अर्थ मला वधस्थळापेक्षा येथे अधिक स्पष्ट दिसतो.

सम्राट व्हॅलेरियनच्या काळात, २५७ मध्ये, त्याला कुरुबिस येथे हद्दपार केले गेले. पुढच्या वर्षी तो कार्थेजजवळच्या आपल्या बागेत असताना युटिका नगरात मुक्काम असलेल्या प्रांताधिकाऱ्याने त्याला तेथे नेण्यासाठी माणसे धाडली. सिप्रियन पुन्हा लपला! बिशपने आपल्या नगरात, आपल्या लोकांसमोर मरावे, असे कारण त्याने पत्रात दिले. अधिकारी कार्थेजला परतताच तो बागेत येऊन राहिला. बहुतेक चरित्रकार पहिल्या पलायनाचा डाग शेवटच्या मरणाने धुतला गेला, असे सुचवतात. मला दोन्ही वेळचा निर्णय एकच वाटतो, कारण दोन्ही वेळा हिशेब लोकांचा होता.

१४ सप्टेंबर २५८ रोजी शिक्षा ऐकताच त्याने देवाचे आभार मानले. वधस्थळी शिरच्छेद करणाऱ्याला पंचवीस सुवर्णमुद्रा द्यायला सांगितल्या. डोळे स्वतःच्या हाताने झाकले. त्याच्या लोकांनी समोर जमिनीवर कापडे अंथरली होती.