एफडी कुणाची?

पगार झाला की आपण काय करतो? भाड्याचे वेगळे, ईएमआयचे वेगळे, उरले तर वीकेण्ड! मुंबई महापालिकेचंही तसंच आहे, बॉस. मार्च २०२२ मध्ये तिच्या एफडी होत्या जवळपास ९२ हजार कोटींच्या. गरगरलं ना? पण त्यात कर्मचाऱ्यांचा पीएफ, पेन्शन, कंत्राटदारांची अनामतही आली. म्हणजे ते पैसे पालिकेचे नाहीतच, नुसते सांभाळायला दिलेले. उरलेल्यातले बरेचसे मोठ्या प्रकल्पांसाठी राखीव. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत हा आकडा सुमारे दहा हजार कोटींनी घसरला. पैसा रस्ते-पुलांवर गेला, असं पालिका सांगते. असेलही. पण मार्च २०२२ मध्येच नगरसेवकांची मुदत संपली होती. एफडी मोडताना ‘कशाला?’ विचारायला सभागृहात कुणीच नव्हतं.