शिक्षकांना विचारल्याशिवाय शाळेत नवे काही राबवले जाणार नाही

शाळांविषयीचे निर्णय मंत्रालयात आणि पुण्याच्या कार्यालयांत बसून घेणाऱ्या सर्वांना हा जाहीर इशारा आहे. वर्गात शिकवणाऱ्यांना न विचारता आणलेली एकही योजना, एकही ॲप, एकही उपक्रम आम्ही जिल्हा परिषद शाळांतले शिक्षक यापुढे राबवणार नाही. ही विनंती समजू नये. निवेदने देऊन झाली आहेत.

'एक राज्य एक गणवेश'चे काय झाले ते साऱ्या राज्याने पाहिले. गणवेशाचे काम शाळा व्यवस्थापन समित्यांकडून काढून घेतले, कापड वरून आले, शिलाई बचत गटांकडे गेली. 2024चा स्वातंत्र्यदिन उलटला तरी अनेक शाळांतली मुले जुन्याच कपड्यांत होती. जे गणवेश आले, त्यांतले कित्येक अंगात बसेनात. अखेर डिसेंबरात अधिकार पुन्हा समित्यांना द्यावे लागले. दुसरीतला कोणता पोरगा उन्हाळ्यात वीतभर वाढला हे त्याच्या बाईंना ठाऊक असते. त्यांना विचारायला कोण आले होते? पहिलीपासून तिसऱ्या भाषेचेही तेच. 16 एप्रिल 2025ला शासन निर्णय, 17 जूनला दुरुस्ती, 29 जूनला दोन्ही रद्द केल्याची घोषणा. तोवर बहुतेक ठिकाणी शाळांची घंटा वाजलेली होती.

आम्हाला बदल नको आहे, असे कुणी म्हणू नये. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये ज्ञानरचनावादी अध्यापन उभे राहिले ते जिल्हा परिषदेच्याच शिक्षकांच्या हातून, त्यांच्या सोबतीला उभ्या राहिलेल्या विस्तार अधिकाऱ्यांमुळे. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले, शिकून आले. पुढे तेच आदेश म्हणून खाली उतरले आणि कित्येक शाळांत नुसत्या फरशा रंगल्या. वरून फोटो मागितला गेला, म्हणून फोटो पाठवला गेला.

आज द्विशिक्षकी शाळेत काय चालते ते ऐका. एक गुरुजी प्रशिक्षणाला गेलेले, चारही वर्ग एकट्या बाईंकडे. हातच्याच्या वजाबाकीत अडकलेली मुलगी पाटी घेऊन शेजारी उभी, आणि बाई रेंजसाठी खिडकीशी, कारण ग्रुपवर लिंक आली आहे: आज दोनपर्यंत भरा, अन्यथा कारवाई. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ देते. लिंका त्यात कुठेही नाहीत.

31 ऑगस्टपर्यंत लेखी हमी हवी. कोणताही नवा उपक्रम आधी आपापल्या शाळा-केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेला यावा आणि तिथल्या हरकतींना लेखी उत्तर मिळावे. मग तयार असलेल्या शाळांत तो वर्षभर चालवून पाहावा. त्यांत द्विशिक्षकी शाळा असल्याच पाहिजेत, कारण योजना मोडतात त्या तिथेच. योजना ठरवणाऱ्या समितीत निम्मे सदस्य रोज वर्गावर जाणारे असावेत. निवृत्त अधिकारी त्या जागांवर चालणार नाहीत.

हमी मिळाली नाही, तर 1 सप्टेंबरला आम्ही सर्व प्रशासकीय व्हॉट्सॲप ग्रुप सोडू. एकही लिंक भरली जाणार नाही, एकही फोटो वर जाणार नाही. शिकवणे मात्र एक तासही थांबणार नाही. पालकांनी निर्धास्त असावे. ज्यांना कारवाई करायची असेल त्यांनी खुशाल करावी, पण नोटिसा आम्हा सगळ्यांच्या नावे काढाव्या लागतील.