हत्ती आल्याचं सांगणारं यंत्र बंद पडलं तर? आरमोरीसाठी 'ओपन सोर्स' का महत्त्वाचं?

ऑक्टोबर २०२१ मध्ये रानटी हत्तींचा कळप छत्तीसगडमार्गे गडचिरोली जिल्ह्यात आला. तेव्हापासून आरमोरी परिसरातल्या धान उत्पादक शेतकऱ्यांना वाघासोबत हत्तीचीही धास्ती आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबाच्या बफर क्षेत्रातल्या सीतारामपेठ गावात २०२३ मध्ये एआय कॅमेऱ्यांची 'आभासी भिंत' उभारण्यात आली. वाघ गावाच्या दिशेने येताना दिसला की ही यंत्रणा इशारा देते.

अशी यंत्रं उद्या आणखी गावांत आली आणि पुरवठादार कंपनीने काम बंद केलं, तर दुरुस्ती कोण करणार? याचं उत्तर बऱ्याच अंशी यंत्रातल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, म्हणजे 'ओएस'वर अवलंबून असतं.

एम्बेडेड यंत्र म्हणजे काय?

ठरावीक कामासाठी एखाद्या वस्तूत बसवलेला छोटा संगणक. वायफाय राउटर, सेट टॉप बॉक्स ही रोजची उदाहरणं.

कोणती ओएस निवडायची?

कॅमेऱ्याचं चित्र तपासायचं असेल तर लिनक्स सोयीचं. मात्र त्याला मेमरी आणि वीज जास्त लागते. बॅटरीवर महिनोन्‌महिने चालणाऱ्या साध्या सेन्सरला फ्रीआरटीओएस किंवा झेफिर पुरतं. अवघी २६४ केबी रॅम असलेल्या रास्पबेरी पाय पिको बोर्डवरही या दोन्ही चालतात. तिन्हींचा कोड सर्वांसाठी खुला आहे.

सुरुवात कशी करायची?

बोर्ड घेण्याआधी साध्या संगणकावरही शिकता येतं. 'क्यूईएमयू' हे मोफत सॉफ्टवेअर बोर्डची नक्कल करतं आणि त्यावर झेफिर चालवून पाहता येतं. त्यानंतर रास्पबेरी पायसारखा बोर्ड घेऊन मेमरी कार्डवर लिनक्स टाकायचं. पहिला प्रयोग म्हणजे एक दिवा लावणं-विझवणं. पुढे सेन्सर, मग संदेश पाठवणं.

कोड खुला असला की झालं?

नाही. लिंक्सिस कंपनीच्या राउटरमध्ये लिनक्स होतं. लिनक्सच्या परवान्यानुसार कंपनीला २००३ मध्ये कोड खुला करावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प सुरू झाला. कंपनीने अपडेट देणं थांबवलेले कितीतरी राउटर आज त्यावर चालतात.

पण काही उत्पादक यंत्राला डिजिटल कुलूप लावतात. कोड हातात असतो, तरी बदललेला कोड यंत्र स्वीकारत नाही. लिनक्सचा परवाना हे कुलूप उघडून द्यायला स्पष्टपणे भाग पाडत नाही.

म्हणून खरी काळजी खरेदीच्या वेळीच घ्यावी लागते. कोड मिळेल का, तो बदलून पुन्हा यंत्रात टाकता येईल का आणि कंपनीचा सर्व्हर बंद झाला तरी गावात भोंगा वाजेल का, या तीन गोष्टी करारात लिहून घेतल्या, तर बिघाड झाल्यावर गावाला कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसावं लागणार नाही. आयटीआय किंवा पॉलिटेक्निक शिकलेला स्थानिक तरुणही दुरुस्तीला हात घालू शकेल.